मुक्या संगणकांना वाचा

यंत्राचा खटका दाबताच एक जाड, घोगरा स्वर निघतो. आणि तो पुरता उमटतो न उमटतो तोच त्यास तोडून दुसरा एक बारीक, टोकदार स्वर कानी पडतो. इंग्लंडमध्ये १९८० नंतरच्या दहा वर्षांत ज्यांचे शालेय शिक्षण झाले, अशा असंख्य माणसांना हे दोन स्वर डोळे मिटूनही ओळखता येतात. ते 'बीबीसी मायक्रो' नावाच्या संगणकाचे होत. यांतील पहिला स्वर यंत्र हेतुपुरस्सर काढीत नाही. वीज मिळताच त्यातील ध्वनीची चिप आपोआप वाजू लागते. मुख्य प्रोसेसर जागा झाला की तो प्रथम तिला गप्प करतो, आणि मग आपण सिद्ध असल्याची वर्दी म्हणून दुसरा स्वर काढतो. त्यामुळे असे जुने यंत्र दुरुस्त करावयास बसलेला मनुष्य आधी पाहत नाही, ऐकतो. घोगरा स्वर अखंड वाजत राहिला, तर यंत्राच्या अंगात वीज आहे परंतु मेंदूस शुद्ध नाही, असे निदान होते. काहीच ऐकू आले नाही, तर दुखणे त्याहून आधीचे, म्हणजे वीजपुरवठ्याचे असण्याचा संभव अधिक. नाडीपरीक्षेचा हा प्रकार कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर हौशी माणसांच्या अनुभवातून रूढ झालेला आहे.

जुनी घड्याळे, ग्रामोफोन, रेडिओ, मोटारगाड्या यांना पुन्हा चालते करण्याचा छंद आपल्या समाजास अपरिचित नाही. जुन्या संगणकांचाही तसा छंद असतो, असे सांगितले म्हणजे मात्र ऐकणारा हसतो. कारण संगणक ही कालपरवाची वस्तू, तिला पुरातनपण कोठून येणार, असे त्यास वाटते. वस्तुतः संगणकास म्हातारपण घड्याळाहून फार लवकर येते. शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळाचे मोडलेले चाक कुशल कारागीर आजही कानस घेऊन घडवू शकतो. चाळीस वर्षांपूर्वीची चिप कोणासही घरी घडविता येत नाही. शिवाय घड्याळ बंद पडले तरी काळ थांबत नाही. संगणक बंद पडला म्हणजे त्याच्याच भाषेत लिहिलेले सर्व काही त्याच्याबरोबर मुके होते. ही दुसरी गोष्ट इंग्लंडला एका मोठ्या प्रसंगाने शिकविली. तो प्रसंग याच यंत्राच्या इतिहासात घडला, म्हणून आधी यंत्राचा जन्म पाहणे बरे.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही ध्वनिक्षेपण करणारी संस्था. तिने संगणकाच्या भानगडीत का पडावे? १९७८ साली तिच्याच दूरचित्रवाणीवर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक यंत्रांमुळे कोणकोणते धंदे बुडतील याचे चित्र रंगविणारा एक अनुबोधपट दाखविला गेला, आणि देशात बरीच खळबळ उडाली. जनतेस संगणकाची ओळख करून द्यावयाची, त्यासाठी कार्यक्रमांची मालिका काढावयाची, आणि प्रेक्षकांस घरी बसून धडे गिरविता यावेत म्हणून एक विशिष्ट यंत्रही आपल्या नावाने बाजारात आणावयाचे, असे संस्थेने ठरविले. केंब्रिज येथील 'एकॉर्न' नावाची लहानशी कंपनी त्यासाठी पुढे सरसावली. तिच्याकडे दाखविण्याजोगे तयार यंत्र नव्हते. हाती जेमतेम आठवडा होता. कंपनीचे एक संस्थापक हर्मान हाउजर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघा तरुण तंत्रज्ञांना वेगवेगळे गाठून, 'दुसऱ्याने हे काम आठवड्यात होईल असे कबूल केले आहे,' असे प्रत्येकास सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. रात्रीचा दिवस करून यंत्र जुळले, परंतु ते हलेना. तपासणीच्या यंत्राशी त्यास जोडणारी एक तार होती. ती कापून पाहा, अशी सूचना हाउजर यांनी केली. तार कापली आणि यंत्र चालू लागले. बीबीसीची मंडळी काही तासांतच दाराशी येऊन उभी राहिली. या यंत्राच्या दुरुस्तीचा इतिहास अशा रीतीने त्याच्या जन्माच्याही आधी सुरू झालेला आहे!

डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आले आणि जानेवारी १९८२ मध्ये कार्यक्रमांची मालिका सुरू झाली. त्याच्या 'बी' नमुन्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे सुमारे तेहतीस हजार अक्षरे मावतील एवढी. आणि किंमत लवकरच ३९९ पौंडांवर जाऊन स्थिरावली. हा आकडा काही गरिबाच्या आवाक्यातला नव्हे. आरंभी सारी मिळून १२,००० यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांहून अधिक खपली. कळफलकाच्या वरच्या अंगास ठिपक्यांनी काढलेले एक घुबड होते. आपल्याकडे घुबड दिसले की अपशकुन मानणार. इंग्रजांस ते शहाणपणाचे चिन्ह वाटते, म्हणून शिक्षणाच्या यंत्रावर त्याची स्थापना झाली.

या घुबडाचे एक ऋण आज प्रत्येकाच्या खिशात आहे. 'एकॉर्न'ने पुढे जो नवा प्रोसेसर आखला, त्याचे रूप विल्सन यांनी आधी याच बीबीसी मायक्रोवर, त्याच्या बेसिक भाषेत आज्ञावली लिहून पडताळून पाहिले. आणि एप्रिल १९८५ मध्ये तो प्रोसेसर घडून आला तेव्हा याच यंत्राला जोडून त्याची परीक्षा झाली. 'आर्म' या नावाने ओळखले जाणारे त्याचे वंशज आजच्या बहुतेक सर्व मोबाइल दूरध्वनींत बसलेले आहेत.

भारतातही हे यंत्र आले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देण्याची 'क्लास' नावाची योजना काढली आणि तिच्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड केली. राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांस वाटण्यासाठी अशी १२,००० यंत्रे मिळाली. मूळ उत्पादकांनी साऱ्या इंग्लंडसाठी जेवढी धरली होती तेवढीच ती भरली, हा एक योगायोग. चंदीगडजवळ मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर कारखान्याने 'युनिकॉर्न' या नावाने या यंत्राची भारतीय आवृत्तीही काढली होती. पुढे नव्या धाटणीचे संगणक आले आणि घुबडाचे यंत्र वर्गातून बाहेर पडले. इंग्लंडच्या शाळांतही तेच घडले. मात्र तेथे शाळेने टाकून दिलेले यंत्र उचलून घरी नेणारी माणसे निघाली. त्यांतील कित्येकांनी लहानपणी त्याच यंत्रावर पहिली आज्ञा टंकिली होती. संगणकांच्या जतनासाठी तेथे १९८९ सालीच 'कॉम्प्युटर कन्झर्व्हेशन सोसायटी' स्थापन झाली होती. परंतु तिचा रोख प्रारंभी खोलीभर पसरणाऱ्या प्रचंड यंत्रांकडे होता. टेबलावर मावणाऱ्या यंत्रांचा कैवार मुख्यतः या हौशी मंडळींनीच घेतला.

दुरुस्तीची रीत पाहण्यासारखी आहे. अडगळीतून निघालेले यंत्र उत्सुकतेने तत्काळ विजेस जोडणे, ही नवशिक्याची पहिली चूक. या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत मुख्य वाहिनीवरील विद्युत्-गोंगाट गाळण्यासाठी बसविलेले दोन कपॅसिटर असतात. धातूचा थर दिलेला कागद गुंडाळून तो पिवळसर पारदर्शक रेझिनमध्ये बंद करावयाचा, अशी त्यांची घडण. वर्षानुवर्षांनी त्या रेझिनला केसासारख्या बारीक भेगा जातात; भेगांतून हवेतील दमटपणा आत शिरतो, कागद ओलावतो. अशा स्थितीत वीज दिली की काही मिनिटे सर्व ठीक चालते, आणि मग एकाएकी फटकन आवाज होऊन दाट धूर निघतो. त्याची दुर्गंधी खोलीत पुष्कळ काळ रेंगाळते. गंमत अशी की, एवढे होऊनही यंत्र बहुधा चालूच राहते. कारण हे कपॅसिटर केवळ गोंगाट गाळण्याचे काम करतात, यंत्राच्या विचाराशी त्यांचा संबंध नाही. तरीही जाणता मनुष्य वीज जोडण्यापूर्वीच ते काढतो आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांचे नवे बसवितो. खर्च मामुली. मात्र वीजपुरवठ्याच्या पेटीत वीज तोडल्यावरही घातक भार काही काळ साठून राहतो. तेथे हात घालणे हे माहीतगाराचेच काम.

वीजपुरवठा शुद्ध झाला म्हणजे मग स्वर ऐकावयाचे. घोगरा स्वर थांबत नसेल तर पहिला उपाय अगदी घरगुती आहे. यंत्रातील बऱ्याच चिपा खोबणीत बसविलेल्या असतात. उष्णतेने प्रसरण आणि थंडीने आकुंचन पावता पावता त्या हळूहळू वर सरकतात, आणि त्यांच्या पायांवर गंज धरतो. प्रत्येक चिप जपून उचलावी, पाय स्वच्छ करावेत, पुन्हा नेमकी बसवावी. कित्येक 'मेलेली' यंत्रे एवढ्यानेच उठून बसतात. त्याने गुण आला नाही, तर बोटाने एकेक चिप चाचपतात. थंड राहावयास हवी ती तापत असेल तर तिच्यावर संशय. मात्र चित्र तयार करणारी फेरांटी कंपनीची चिप मुळातच तापट. पहिल्या वर्षी यंत्रांचा पुरवठा रखडला, त्यास जी कारणे झाली त्यांत तीही एक होती. तिच्या पाठीवर उष्णता पसरविणारा धातूचा पंखा चिकटविला म्हणजे ती निमूट काम करते.

स्मृतीच्या सोळा चिपा मात्र पाटीवर कायमच्या डागलेल्या असतात, आणि कसोटी लागते ती तेथे. सोळांतील एक बिघडली तरी सारे यंत्र वेडगळ बोलू लागते. ती काढताना उष्णता अधिक झाली, तर पाटीवरील तांब्याची नाजूक वाट उखडते आणि रोगापेक्षा उपचार भयंकर ठरतो. म्हणून अनुभवी हात आधी त्या चिपेचे सोळाही पाय कापतो, धड बाजूला करतो, आणि मग एकेक पाय डागणीच्या टोकाने सोडवितो. त्या जागी खोबण बसवितो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीवाल्यास हा खटाटोप नको. भांड्यांना कल्हई करणारा कारागीर ज्या तन्मयतेने नवसागराचा धूर उडू देत कथील फिरवितो, तीच तन्मयता येथे लागते. फरक एवढाच की येथे कथलाचा थेंब तांदळाच्या कणीएवढा असतो.

सुटे भाग आणावयाचे कोठून? या यंत्राच्या प्रोसेसरच्या घराण्यातील प्रोसेसर आजही तयार होतात, त्यामुळे त्याची तेवढी चिंता नाही. फेरांटीची ती चिप मात्र याच यंत्रासाठी घडविलेली. ती बाजारात मिळत नाही. तेव्हा एका निकामी यंत्राचे अवयव काढून दुसऱ्यास बसवावे लागतात, आणि प्रत्येक अशा उपकारामागे एक यंत्र कायमचे खर्ची पडते. येथून या छंदातील खरा वाद सुरू होतो. नव्या युगाच्या चिपेत जुन्या चिपेचे वर्तन भरून ती बसवावी काय? खळखळणारी डिस्क काढून तिच्या जागी नखाएवढे स्मृतिपत्र लावावे काय? पिवळे पडलेले कवच हायड्रोजन पेरॉक्साइडने पुन्हा उजळावे काय? २००८ च्या सुमारास हौशी लोकांत ही शेवटची क्रिया फार लोकप्रिय झाली. प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये प्रकाशाने पिवळी पडण्यास हातभार लावतात, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे. उलट पक्ष सांगतो की पिवळेपणा काही वर्षांत परत येतो. संग्रहालयाचा दंडक सरळ आहे: जे केले ते पुढे उलटविता आले पाहिजे, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपला पाहिजे. हौशी माणसास यंत्र चालवावयाचे असते, म्हणून तो इतका काटेकोर राहत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु केवळ सौंदर्यासाठी कवचावर रसायन चोळणे आणि यंत्र बोलावे म्हणून आत नवा कपॅसिटर घालणे, या दोन कृत्यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

आता तो प्रसंग. १०८५ च्या नाताळात इंग्लंडचा राजा विल्यम याने आपल्या राज्याची पाहणी करण्याची आज्ञा दिली, आणि १०८६ मध्ये जमिनी, नांगर, गिरण्या, माणसे यांची मोजदाद होऊन ती मेंढीच्या चामड्यावर लॅटिनमध्ये लिहिली गेली. 'डूम्सडे बुक' ते हेच. नऊशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बीबीसीने तशीच नवी पाहणी काढली. देशाचे चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडले. शाळाशाळांतील मुलांनी आपापल्या तुकड्याची माहिती गोळा करून बीबीसी मायक्रोवर टंकिली. गावातील दुकाने, शेते, सुट्टीचे दिवस, जेवणातील पदार्थ, मोठ्या माणसांच्या तक्रारी, असे सारे तीत आले. दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. हा मजकूर, छायाचित्रे, नकाशे आणि जनगणनेचे आकडे हे सर्व १९८६ मध्ये दोन मोठ्या लेसर-तबकड्यांवर साठविले गेले. त्या वाचण्यासाठी बीबीसीच्याच 'मास्टर' संगणकाचा एक खास नमुना आणि फिलिप्सचे खास तबकडीयंत्र लागे. साऱ्या संचाची किंमत सुमारे ५,००० पौंड! ज्या शाळांतील मुलांनी हे लिहिले, त्यांतील बहुसंख्य शाळांना ते विकत घेता आले नाही. मुलांचे श्रम आणि मुलांनाच दर्शन दुर्लभ. या उपक्रमाची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

पुढील पंधरा वर्षांत ती तबकडीयंत्रे बंद पडू लागली, त्यांचे भाग मिळेनासे झाले, आणि २००२ च्या सुमारास मोठ्या हळहळीने लोक बोलू लागले की, नऊशे वर्षांपूर्वीचे चामडे अजून वाचता येते, सोळा वर्षांपूर्वीची तबकडी मात्र वाचता येत नाही. तबकडी शाबूत होती. मुके झाले होते ते यंत्र. त्याच वर्षी लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी, अजून चालणाऱ्या यंत्रातून मजकूर काढून घेऊन, जुन्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठविणारी आज्ञावली आधुनिक संगणकावर चालवून दाखविली. पाठोपाठ २००३ मध्ये मूळ चमूतील अँडी फिनी आणि त्यांचे सहकारी यांनी बीबीसीच्या संग्रहातील मूळ चित्रफितींवरून प्रतिमा नव्याने उतरविल्या. २०११ मध्ये मुलांनी लिहिलेली पाने बीबीसीने इंटरनेटवर खुली केली. परंतु ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले. त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या संग्रहात ठेवली आहे.

विद्यापीठे आणि बीबीसी यांचे काम संपले तेथे हौशी मंडळींनी पुन्हा आरंभ केला. त्यांचे म्हणणे असे की, मजकूर वाचला म्हणजे सर्व वाचले असे नव्हे. पडद्यावर चित्र कसे सरकत असे, मुलाच्या हातातील गोळा फिरविताच नकाशा कसा उघडत असे, हाही त्या दस्तऐवजाचा भाग आहे. तबकडीवरील चित्रे अंकांत नव्हती, तरंगांच्या रूपात होती. आणि अंकांचा मजकूर ध्वनीच्या पट्ट्यात भरलेला होता. म्हणून त्यांनी जुनी तबकडीयंत्रे मिळविली, ती उघडली, स्वच्छ केली, आणि लेसरने टिपलेला कच्चा तरंग कोणताही अर्थ लावण्यापूर्वीच जसाच्या तसा उतरवून घेण्याचे एक उपकरण तयार केले. तरंग एकदा हाती आला की पुढचे काम आज्ञावलीचे. तबकडी पुढे खराब झाली तरी चालेल, परंतु तरंग उतरवीपर्यंत निदान एक यंत्र धड चालले पाहिजे. ते चालविण्यासाठी डागणी धरणारा हातही लागतो. या उपकरणाचे आराखडे त्यांनी कोणासही वापरता यावेत असे खुले ठेवले आहेत; आणि डूम्सडेखेरीज इतर लेसर-तबकड्या उतरविण्यासाठीही आता ते उपयोगी पडत आहे.

ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रोंचा एक वर्गच मांडलेला आहे. काचेआड ठेवलेली ती यंत्रे नव्हेत. शाळेची मुले तेथे येऊन कळा दाबतात, आज्ञा टंकितात. केंब्रिजच्या संग्रहालयातही हाच परिपाठ आहे. यंत्र वापरले की झिजते, आणि न वापरता ठेवले तर त्यातील दोष कळतच नाहीत. तेव्हा झीज पत्करून ते चालते ठेवावयाचे, असा तेथील निर्णय.

भारतातील एखाद्या शाळेच्या माळ्यावर ठिपक्यांचे घुबड असलेली अशी पेटी सापडलीच, तर भंगारवाल्यास बोलाविण्यापूर्वी आणि त्याहीआधी वीज जोडण्यापूर्वी तिचे झाकण एखाद्या माहीतगाराकडून उघडवून घ्यावे. शेजारी कॅसेटी असतील तर त्याही ठेवाव्यात. त्या काळच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या त्यांवर स्वरांच्या रूपाने असू शकतात. झाकण उघडण्यास अवघड नाही. पाठीमागे दोन आणि तळाशी दोन असे चार स्क्रू आहेत, आणि त्यांच्याजवळ इंग्रजीत 'फिक्स' हा शब्द उमटविलेला आहे.